वाऱ्याच्या वाटेतली खोली

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याने चार भिंतींचं साधं घर बांधलं असणार. हवामानाशी बोलणारं घर बांधायला निघाला असता, तर म्हण पुरी करायला तो उरला नसता.

हे खूळ मूळचं बेबीचं नव्हे. ते डॉक्टरांचं. बेबी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, शाळेत भूगोल शिकवणारी, जिच्या चपलांचा आवाज आला की वर्ग चिडीचूप होतो अशी बाई. पण वडिलांनी लहानपणी हाक मारली ती बेबी, आणि घरात आजही तीच हाक चालू होती. डॉक्टर म्हणजे तिचे यजमान. दातांचे डॉक्टर. तीस वर्षं त्यांच्यासमोर जो बसला तो तोंड उघडूनच बसला, आणि त्या तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं असल्यामुळे त्यांचं म्हणणं खोडून काढणं कोणाला जमलं नाही. सगळं जग आपल्याशी सहमत आहे, अशी डॉक्टरांची अगदी प्रामाणिक समजूत होती.

अशा माणसाने एका रविवारी गावाबाहेर जमीन पाहिली. डांबरी रस्ता जिथे दम तोडतो तिथून पुढे कच्च्या रस्त्याने गेलं की झाडोऱ्याचा एक उतरता तुकडा होता. गुडघाभर गवत, काटेरी झुडपं, मधूनमधून उंच झाडं, दोन-तीन वारुळं आणि खाली कोरडा ओढा. डॉक्टरांनी छाती भरून श्वास घेतला आणि जाहीर केलं, "बास. आता इथेच." बेबीच्या साडीला तोवर कुसळं लागली होती. ती खाली बसून एकेक काढत होती, म्हणून तिचं मत विचारायचं राहून गेलं.

पण त्या घरात बेबीचाही एक जीव अडकला होता. तिचे बाबा.

बाबा आयुष्यभर एका सिनेमा थिएटरात डोअरकीपर होते. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्च्या शोधून द्यायच्या आणि खेळ संपेपर्यंत दाराशी उभं राहायचं, ही त्यांची नोकरी. आई गेल्यापासून ते दोन खोल्यांच्या जागेत एकटे राहत होते, तिसऱ्या मजल्यावर, आणि गुडघ्यांनी जिन्याशी अबोला धरला होता. बेबीने त्यांना आपल्याकडे यायची गळ घातली. त्यांनी फार ताणून धरलं नाही. जागा विकली, घर होईपर्यंत तिथेच राहायची मुदत घेतली, आलेलं सगळं नव्या घरात घातलं, आणि एकच अट सांगितली.

"मला खोली दे, बेबी. मोठी नको. पण दार असलेली पाहिजे. आतून कडी लागेल अशी."

"एवढंच ना, बाबा?"

"तुला एवढंच वाटतंय. नोकरीत दुसऱ्यांच्या दारात उभा राहिलो. घरी यायचो तर दोन खोल्यांत तुझी आजी, आत्या, काका. माझा बिछाना कायम पॅसेजमध्ये. रात्री जो उठायचा तो मला ओलांडून जायचा. आता एक दार माझं असू दे. मी आत, जग बाहेर."

बेबीचे डोळे भरून आले. तिने बाबांचा हात धरला आणि शब्द दिला, की आधी तुमची खोली, मग बाकीचं घर. शब्द देताना ती अगदी खरी होती. शब्द देताना सगळेच खरे असतात.

मग आले वास्तुविशारद.

त्यांचा बोलबाला मोठा होता. ते जमिनीवर अनवाणी चालायचे आणि काटा रुतला तर जमिनीने आपल्याला थांबवलं असं समजून तिथेच थांबायचे. "मला वाटतं" असं त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. "ही जागा म्हणते," असं म्हणायचे. पहिल्या भेटीत ते गवतात पालथे झोपले आणि बराच वेळ कान लावून राहिले. डॉक्टर आदराने बाजूला उभे राहिले. शेवटी वास्तुविशारद उठले, दाढीतली मुंगी हळुवार हाताने गवतात सोडली आणि म्हणाले, "घर बांधायचं नसतं, सर. ते इथे उगवू द्यायचं असतं." उगवणाऱ्या घराची फी मात्र पेरणीआधी द्यायची होती, ती डॉक्टरांनी दिली.

नंतर त्यांनी झाडाझाडांना रिबिनी बांधल्या आणि जागोजागी उदबत्त्या खोचून धूर कुठे जातो ते पाहत बसले. बेबी सहज बोलून गेली, "इथे सकाळी गार हवा उतारावरून खाली येईल. दुपारी जमीन तापली की वर चढेल."

वास्तुविशारदांनी छातीवर हात ठेवला. "ताई! इतक्या वर्षांत हे बोलणारे पहिले क्लायंट तुम्ही."

झालं. बेबी विरघळली. वाऱ्यांचा धडा शिकवताना वर्गातली निम्मी मुलं खिडकीबाहेर बघतात आणि उरलेली निम्मी घड्याळाकडे. इथे एक मोठा माणूस तिच्या तोंडून वारा ऐकून गहिवरला होता. त्या दिवसापासून डॉक्टरांच्या खुळात ती भागीदार झाली, आणि हे तिला स्वतःला कळायला फार वेळ लागला.

पहिला नकाशा आला तेव्हा बाबांची खोली ईशान्येच्या कोपऱ्यात होती. शेजारी न्हाणीघर, समोर झाड, आणि दार. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ तो कागद न्याहाळला. "हे दार आत उघडतं की बाहेर?" एवढंच विचारलं. आत उघडतं म्हटल्यावर खूश झाले आणि बेबीला म्हणाले, की कडी पितळेची मी माझ्या हाताने आणीन.

पण मग वाऱ्याचा अभ्यास पुरा झाला.

"ही जागा म्हणते, की वारा ईशान्येकडून घरात यायला बघतोय," वास्तुविशारद हळू आवाजात म्हणाले. वारा ऐकत असावा. "आणि त्याच्या नेमक्या वाटेत आपण वडिलांची खोली ठेवलीय. घराच्या नाकात बोळा घातल्यासारखं झालंय ते."

डॉक्टरांना बोळ्याची उपमा व्यवसायामुळे लगेच पटली. खोली पश्चिमेला गेली.

पश्चिमेला का, हे वास्तुविशारदांनी नीट समजावून सांगितलं. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन घर भाजून काढतं. म्हणून हवामान कळणारा माणूस त्या बाजूला अशा गोष्टी ठेवतो ज्यांचं फारसं बिघडत नाही. कोठीची खोली, न्हाणीघर, पाण्याची टाकी. त्या रांगेत आता बाबा आले. ऊन आधी त्यांच्यावर थांबणार आणि पलीकडचा दिवाणखाना गार राहणार.

"म्हणजे बाबांच्या खोलीत उकडेल," बेबी म्हणाली.

"घरावर वडीलधाऱ्यांची सावली असावी असं आपण म्हणतोच ना, ताई?" वास्तुविशारद म्हणाले. "ही अक्षरशः तीच."

डॉक्टर वा म्हणाले. बेबी काहीच म्हणाली नाही. बोलायला हवं होतं, हे तिला तिथेच कळलं होतं. पण डॉक्टर एवढ्या आनंदात, वास्तुविशारद एवढे मोठे, आणि नकाशा दिसायला खरोखरच इतका देखणा. एका खोलीसाठी कुठे वाद घालायचा? भीड भिकेची बहीण असते म्हणतात. बेबीच्या बाबतीत भीक मागायची वेळ बाबांवर येणार होती, एवढाच फरक.

तिने बाबांना फोन केला. "बाबा, तुमची खोली पश्चिमेला घेतलीय. संध्याकाळचं ऊन किती छान असतं, नाही? चालेल ना?"

बाबा म्हणाले, "चालेल की."

"बरं झालं," असं म्हणून बेबीने फोन ठेवला.

पुढच्या नकाशात वणव्याचा विचार झाला होता. कोरड्या दिवसांत झाडोऱ्याला आग लागते, म्हणून पश्चिमेची पट्टी मोकळी ठेवून घर आत ओढायला हवं. घर आत ओढलं म्हणजे काय ओढलं, हे सांगायला नको. त्यातच जमिनीवर एक घोरपड दिसली. ती रोज एकाच वाटेने ओढ्याकडे जाते असं निष्पन्न झालं, आणि तिचा हक्क आपल्याआधीचा असल्यामुळे तिच्यासाठी घराखालून बोगदा निघाला. बोगद्यावर वजन नको म्हणून बाबांची खोली आणखी आखडली. एवढ्याशा खोलीचं दार उघडणार कुठे? ते सरकतं झालं. मग वास्तुविशारदांना सरकतं दारही सोसेना.

"दार म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर मारलेली चपराक," ते म्हणाले. "आपण पडदा लावू. गोणपाटाचा. श्वास घेणारा."

"बाबा, पडदा आहे, पण जाड आहे," बेबीने फोनवर सांगितलं. "आणि हवा किती खेळती राहील! चालेल ना?"

"चालेल की," बाबा म्हणाले.

"बरं झालं."

शेवटच्या नकाशात खोली शोधायला बेबीला चष्मा पुसावा लागला. खोली नव्हतीच. घराच्या मधोमध वाऱ्यासाठी एक ऐसपैस पट्टा सोडला होता. वाऱ्याला दिली ओसरी आणि वारा हातपाय पसरी, अशी गत. उन्हासाठी चौक होता. पावसाच्या पाण्याला ओढ्याकडे तोंड करून टाकी मिळाली होती. घोरपडीला बोगदा, वटवाघळांना वळचणीत फट, मुंग्यांचं वारूळ तर दिवाणखान्याच्या भिंतीला वळण देऊन जपलं होतं. आणि वाऱ्याच्या पट्ट्यात, भिंतीला लागून, एका बाकाएवढी जागा आत ढकलली होती. तिच्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'विसाव्याचा कोनाडा'.

"बाबांची खोली कुठाय?" बेबीने विचारलं.

"खोली ही कल्पनाच जुनी झाली, ताई," वास्तुविशारद म्हणाले. "वडिलांना आपण खोलीत कोंडायचं नाही. त्यांना प्रवाहात ठेवायचं."

"अगं, सगळ्यांच्यात राहतील. एकटं नाही वाटणार," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मनात खरंच वाईट काही नव्हतं. त्यांच्या मनात आजवर कधीच वाईट काही आलं नव्हतं; मुळात दुसऱ्याच्या मनात काय आहे हे विचारायची गरजच त्यांना कधी पडली नव्हती.

बेबीने पुन्हा फोन केला. या वेळी तिने वाक्य आधी मनात घोळवून घेतलं होतं. "बाबा, तुमची जागा आता अगदी घराच्या मधोमध आलीय. आमच्यात. तुम्हाला एकटं वाटायला नको ना. चालेल ना?"

"चालेल की," बाबा म्हणाले. "झोपायला माणसाला जागा लागते किती."

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. डॉक्टरांशी भांडण नाही, वास्तुविशारदांपुढे अडाणी ठरणं नाही, आणि बाबांची तक्रार नाही. एवढं हलकं वाटणं बरं नव्हे, अशी एक शंका तिच्या मनात डोकावली. तिने ती वह्या तपासायला घेऊन दडपून टाकली.

आता वास्तुविशारदांची एक पद्धत होती आणि तिची ख्याती होती. पाया खणण्याआधी ते अख्खं घर जमिनीवर खऱ्या मापात पांढऱ्या फक्कीने आखायचे, आणि घरच्यांना एक पूर्ण दिवस त्या रेघांत राहायला लावायचे. जेवायचं, झोपायचं, बसायचं, सगळं रेघांत. नियम एकच. रेघ म्हणजे भिंत. जायचं-यायचं ते दारातूनच.

ठरल्या दिवशी कंत्राटदार फक्कीच्या गोणी, घडीच्या खुर्च्या आणि पाण्याचा पिंप घेऊन आला. सुटलेल्या पोटाचा, कामसू, पण हवामानाशी ज्याचा संबंध फक्त घामापुरता असा तो माणूस. सकाळभर आखणी झाली. घर खरंच मोठं होतं. बाबांना गाडीतून आणलं. हातात काठी, आणि सोबत पाठ टेकायची त्यांची स्वतःची खुर्ची. ते मुख्य दारातून शिस्तीत आत आले.

डॉक्टरांनी नसलेल्या पायपुसण्याला बूट पुसले आणि दिवाणखान्यात बसून पेपर उघडला. "अगं, चहा!" त्यांनी हाक दिली.

स्वयंपाकघराची उष्णता घरात येऊ नये म्हणून ते पार टोकाला ठेवलं होतं. बेबी थर्मासमधून कप भरून निघाली. चौकातून वळली, टाकीला वळसा घातला, वाऱ्याचा पट्टा पार केला, वारुळाला मान दिला आणि दिवाणखान्यात पोहोचली.

"गार झालाय," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे घर काम करतंय," वास्तुविशारद समाधानाने म्हणाले.

एवढ्यात वारा आला. तो ईशान्येकडून यायचा होता. तो आला नैर्ऋत्येकडून, सोबत दोन भिंतींची फक्की घेऊन, आणि थेट डॉक्टरांच्या कपात उतरला.

"आजचा वारा अपवाद आहे," वास्तुविशारद म्हणाले.

कंत्राटदार मदतीला धावला तो सरळ रेघ ओलांडून. "भिंत! भिंत!" वास्तुविशारद ओरडले. तो बिचारा दचकून मागे फिरला आणि दुसरीकडून वाट सापडली तशी आत शिरला. "अहो, तो घोरपडीचा बोगदा आहे!" मग तो घराबाहेरच एका दगडावर बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं.

जेवणं झाली. दुपार चढली. वास्तुविशारद म्हणाले, "आता विश्रांती. वडील, तुमचा कोनाडा."

बेबीने कोनाड्यात सतरंजी घातली. बाबा हळूहळू बसले, मग आडवे झाले. डोकं आत मावलं, धड मावलं, आणि गुडघ्यापासूनचे पाय वाऱ्याच्या पट्ट्यात आले. डॉक्टरांना न्हाणीघराकडे जायचं होतं. त्यांनी "अं, जरा" म्हणत बाबांचे पाय ओलांडले. परत येताना पुन्हा ओलांडले. मग मोजमापाची फीत घेऊन वास्तुविशारद आले, आणि त्यांनीही ओलांडले.

"पाय थोडे जवळ घ्या ना, वडील. प्रवाहाला अडथळा होतोय."

बाबांनी पाय जवळ घेऊन पाहिले. गुडघे वळेनात. चेहरा वेदनेने आकसला. बेबी चौकात उभी राहून हे बघत होती. पॅसेजमधला बिछाना तिने लहानपणी पाहिला होता. पाणी प्यायला उठलं की ती स्वतः त्यांना ओलांडून जायची. आता घर एवढं ऐसपैस, आणि बाबा तिथेच.

थोड्या वेळाने बाबा उठले. कपडे झटकले. आपली खुर्ची उचलून पट्ट्यातून, चौकाला वळसा घालून, मुख्य दारातून बाहेर पडले. एकही भिंत त्यांनी ओलांडली नाही. कंत्राटदाराजवळ जाऊन काहीतरी मागितलं. त्याने अर्धी रिकामी गोणी दिली. घरापासून थोडं दूर एक पसरट झाड होतं, त्याच्या सावलीत जाऊन बाबा वाकले आणि मूठमूठ फक्की सोडत जमिनीवर एक चौकोन काढू लागले. वाकताना काठीवर भार द्यायचा, मूठ सोडायची, पुढे सरकायचं. चौकोन वाकडातिकडा झाला. एका बाजूला त्यांनी माणूस जाईल एवढी जागा सोडली, तिच्यातून खुर्ची आत नेली, आणि मागे वळून हवेत दार ओढलं. मग छातीच्या उंचीवर हात नेऊन कडी लावली. आणि घराकडे पाठ करून बसले.

दिवाणखान्यात डॉक्टर आणि वास्तुविशारद वाऱ्याच्या अपवादावर बोलत होते. त्यांनी हे पाहिलं नाही. बेबीने पाहिलं. ती जवळजवळ धावत आली, आणि रेघेपाशी थबकली. बोटभर रुंदीची पांढरी पूड. लहान मूलही उडी मारून गेलं असतं. पण तिला पाय उचलवेना.

"बाबा."

ते वळले नाहीत. इकडेतिकडे कोणी बघत नाही याची खात्री करून तिने मोकळ्या जागेपुढे बोटं वळवून हवेत दोनदा हात मारला. "टक टक."

"कोण आहे?"

"मी. बेबी."

"काय काम आहे?"

"चहा आणू?"

"नको."

"बाबा, तिकडे चला ना. हे घराच्या बाहेर आहे."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "आत एकही दार शिल्लक नव्हतं."

"रागावलात का?"

"नाही गं. इथे बरं वाटतंय."

बेबीला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. "मग मी दर वेळी विचारत होते तेव्हा 'चालेल' असं का म्हणालात? एकदा तरी नाही म्हणायचंत! मी थांबवलं असतं सगळं."

बाबांनी खुर्ची हळूहळू तिच्याकडे फिरवली. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"मला वाटायचं, नाही तू म्हणशील," ते म्हणाले. "मी म्हणायचो चालेल, आणि जरा थांबायचो. वाटायचं, आता बेबी म्हणेल, चालेल काय बाबा, मुळीच चालायचं नाही. दर वेळी वाटायचं. तू म्हणायचीस बरं झालं, आणि फोन ठेवायचीस. तरी मी थोडा वेळ कानाला लावून ठेवायचो."

बेबी रेघेबाहेर उभी राहिली. तिला आठवत होतं ते एवढंच, की दर वेळी तिने प्रश्न असा घातला होता की त्याला दुसरं उत्तर बसू नये. वर्गात मुलांना ती सांगायची, की उत्तर ज्यात दडलेलं आहे असा प्रश्न हा प्रश्नच नव्हे. बाबांना तीन वेळा तिने तोच घातला होता. लाज वाटली, आणि ती कुठे लपवायला जागा नव्हती. भोवती सगळं उघडं रान.

"अरे वा! हे काय आहे?"

वास्तुविशारद आले होते, मागे डॉक्टर. वास्तुविशारदांनी झाडाकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं, हात पसरून डोळे मिटले. "अप्रतिम. दिवसभर सावली, पश्चिमेला खडकाचा आडोसा, वाऱ्याच्या वाटेबाहेर. ही जागा म्हणते, इथे काहीतरी हवं."

"माझी अभ्यासिका!" डॉक्टर म्हणाले. "मी केव्हाचा म्हणतोय, मला शांतपणे वाचायला एक जागा हवी. मुख्य घरापासून वेगळी. दार लावून बसता येईल अशी."

"दार हवंच," वास्तुविशारद म्हणाले. "इथे वाऱ्याचा काही प्रश्न नाही."

डॉक्टर रेघेपाशी वाकले आणि प्रेमाने म्हणाले, "काय बाबा, शोध तुमचाच. अभ्यासिका चालेल ना इथे?"

बाबांनी बेबीकडे पाहिलं आणि वाट पाहत राहिले.

"नाही," बेबी म्हणाली.

"अगं, मी त्यांना विचारतोय."

"त्यांना विचारायचं नाही. ते हो म्हणतात. मला विचारा. नाही चालणार. ही बाबांची खोली आहे. अभ्यासिका त्या कोनाड्यात करा, पाय पसरून वाचा, आम्ही ओलांडून जाऊ. आणि ही खोली अशी रानात सुटी नको, घराला जोडून हवी, न्हाणीघराजवळ. पहिल्या नकाशात होती तिथेच."

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. त्यात कोणाची बोटं नव्हती, तरी शब्द फुटला नाही.

"पण ताई, वारा?" वास्तुविशारद म्हणाले. "तुम्ही तर जाणकार आहात."

"वारा वळसा घालून जाईल," बेबी म्हणाली. "त्याचे गुडघे दुखत नाहीत."

आता मोठा वाद होणार म्हणून ती सावरून उभी राहिली. घोरपड, वणवा, पश्चिमेचं ऊन, सगळ्यांची उत्तरं तिने दातांखाली धरली होती. वास्तुविशारदांनी दाढी खाजवली, घराच्या रेघांकडे एक नजर टाकली आणि खांदे उडवले.

"ठीक आहे. खिडक्या जरा सरकवल्या की वारा बाजूने घेता येतो. अर्ध्या तासाचं काम." मग थोडं रागावूनच म्हणाले, "आधी बोलायचं ना, ताई. मी दर वेळी विचारत होतो. मला वाटलं, तुमच्याकडे चालतं."

कंत्राटदार दगडावर बसून पायातला काटा काढत होता, तो तेवढा थांबला. बेबीने बाबांकडे बघायचं टाळलं, आणि मग टाळता येईना म्हणून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. एवढंच होतं तर, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊन गेलं असावं, पण ते त्यांनी तिला ऐकवलं नाही. आयुष्यभर अंधारात लोकांना जपून पुढे नेलेला माणूस तो.

"मी आता जरा पडतो," बाबा म्हणाले. "जा तुम्ही. बेबी, जाताना दार ओढून घे."

डॉक्टर हसायला लागले आणि बेबीचा चेहरा पाहून थांबले. तिने कोनाड्यातली सतरंजी आणून आत अंथरली, बाबांना आधार देऊन आडवं केलं. पाय पूर्ण लांब होऊनही पुढे जागा उरली. मग ती मोकळ्या जागेतून बाहेर आली, वळली, आणि भर दुपारी, सगळ्यांसमोर, नसलेलं दार दोन्ही हातांनी धरून हळूच लावून घेतलं, आवाज होणार नाही अशा बेताने.